सतरा मिनिटं चाळीस सेकंदांची कोंबडी

बटाटे जळल्याचा वास दुसऱ्या मजल्यावरच आला, आणि काटेसाहेबांचं घर होतं तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे या वेळी नुसते बटाटे नाहीत, पातेलंही गेलं, हे दार उघडायच्या आधीच कळलं. त्यांनी जिन्याच्या वळणावर पिशवी खाली ठेवली, कठड्याला हात टेकला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. महिन्याभरातलं हे तिसरं पातेलं. घरात गेलं की काहीतरी बोलावं लागणार, आणि दिवसभर बाजारात बोलून बोलून त्यांच्याजवळ बोलणं शिल्लक नव्हतं.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. तराजूचा काटा केसभर सरकला की त्यांची डावी भुवईही तेवढीच सरकायची, म्हणून बाजारपेठेने त्यांना हे नाव दिलं आणि पुढे पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे तेच चिकटलं. नोकरीची एकतीस वर्षं झाली होती, पाच महिने उरले होते. आपण दुकानात शिरलो की दुकानदाराचा चेहरा पडतो, याचं त्यांना तरुणपणी कौतुक वाटायचं. आता नुसता शीण यायचा. एवढ्या वर्षांत एकाही माणसाने 'या, बरं झालं आलात' असं म्हटलेलं नव्हतं.

त्यांची बायको गणिताच्या शिकवण्या घ्यायची. संध्याकाळी पाच ते सात, पुढच्या खोलीत, जेवणाच्या टेबलाभोवती सात मुली. शिकवणी सुरू करताना बाई आत गॅसवर काहीतरी ठेवून यायच्या, आणि एकदा का समीकरण रंगात आलं की गॅस, पातेलं, नवरा वगैरे गोष्टी त्यांच्या जगातून वजा व्हायच्या. मुलींना वास यायचा, पण बाईंना मध्येच तोडायची कोणाची छाती नव्हती.

"अहो, मला एक चावीचा टायमर आणून द्या," पातेल्याच्या बुडाकडे बघत बायको म्हणाली. "पिळायचा आणि सोडून द्यायचा. वाजला की उठायचं."

"मोबाइलमध्ये असतो की."

"मोबाइल शिकवणीच्या वेळी डब्यात असतात. मुलींचे सात आणि माझा आठवा. नियम म्हणजे नियम."

'नियम म्हणजे नियम' हे वाक्य या घरात आणलं होतं काटेसाहेबांनी. 

"आणि हे बघा," बायको म्हणाली, "रुक्ष काहीतरी आणू नका. जरा गमतीचा आणा. स्वयंपाकघरात एक तरी वस्तू अशी हवी की जिच्याकडे बघून बरं वाटेल."

काटेसाहेबांनी मान डोलावली. आपण रोज सकाळी चहा प्यायला स्वयंपाकघरातच बसतो, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

वासाचा माग काढत तळमजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर एव्हाना वर आलेच होते. इमारतीत कुठेही काहीही बिघडलं की स्टेशनमास्तर हजर. त्यांच्या नोकरीत गाड्यांना कधी एवढी वक्तशीर हजेरी जमली नसेल.

"टायमर घेताय? मुळीच घेऊ नका," ते म्हणाले. "वाळूचं घड्याळ घ्या. त्यात बिघडण्यासारखं काही नसतंच."

"पण ते वाजत नाही हो," बायको म्हणाली.

"वाजत नाही, हे खरं. पण बघत बसलं तर कळतं."

समोरच्या दारातून नर्सबाई डोकावल्या. त्या रात्रपाळीला निघाल्या होत्या, तरी सल्ल्यापुरता वेळ होता. "माझ्या नणंदेकडे आहे तसला टायमर. अंड्याच्या आकाराचा. तीन मिनिटांवर लावला की तीन मिनिटांनी वाजेलच असं नाही, पण वाजतो छान."

हे शेवटचं वाक्य काटेसाहेबांच्या मनाला लागलं. तीन मिनिटांवर लावलेली वस्तू तीन मिनिटांनी वाजत नाही, आणि लोक तिला छान म्हणतात! जग कुठे चाललंय याचा विचार करत ते हात-पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ते भांड्यांच्या दुकानात गेले. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत काटेसाहेबांनी खरेदीला गेल्यावर इतक्या दुकानांत इतके तराजू तपासले होते की, शेवटी घरात भाजी आणायला बायकोला पलीकडच्या वस्तीत जावं लागायचं. तेव्हा तिने त्यांच्याकडून शब्द घेतला होता: घरची खरेदी करताना तराजूकडे बघायचं नाही. हा शब्द त्यांनी इतक्या निष्ठेने पाळला होता की, ऑफिसबाहेर ते दुकानात शिरले की मान आपोआप तराजूच्या विरुद्ध बाजूला वळायची. अनोळखी माणसाला वाटायचं, यांची मान धरलीय.

तर मान वळवून ते आत शिरले. भांडेवाला गल्ल्यावरून ताडकन उठला.

"साहेब! आपण? आज? काही चुकलं का?"

"टायमर बघायचाय. स्वयंपाकघरासाठी. गमतीचा."

भांडेवाल्याला ही काहीतरी सांकेतिक भाषा वाटली असावी. त्याने कपाळ पुसलं, मागचं फडताळ उघडलं आणि काचेवर एकेक टायमर मांडायला सुरुवात केली. कोंबडी, बेडूक, टोमॅटो, हत्ती, डुक्कर, उंच टोपीवाला आचारी, कापलेलं लिंबू. प्रत्येकाच्या कमरेभोवती साठ मिनिटांचे आकडे, आणि कमरेच्या वरचा भाग धरून पिळायचा. आचाऱ्याची मान पिळणं काटेसाहेबांना प्रशस्त वाटेना. लिंबू आधीच कापलेलं, त्यात डुकराचं हसू कार्यालयातल्या एका वरिष्ठाची आठवण करून देणारं. अर्धा तास उलटापालट करून शेवटी त्यांनी लाल तुऱ्याची पांढरी कोंबडी पसंत केली, पैसे पुढे केले. भांडेवाल्याने एवढे आढेवेढे घेऊन ते घेतले, जणू त्याच्यावर दंडच बसला होता.

घरी कोंबडीचं स्वागत झालं. बायकोने तिला फ्रिजवर ठेवून बघितलं, मग गॅसच्या कट्ट्यावर ठेवून बघितलं. "गोड आहे," ती म्हणाली. गॅसवरच्या भातावर लक्ष ठेवायला एवढं पुरेसं होतं. पण काटेसाहेबांच्या पिशवीत कार्यालयाचं प्रमाणित स्टॉपवॉच होतं. रिक्षांचे मीटर तपासायला ते नेहमी जवळ बाळगायचे. त्या रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी सहज, अगदी सहज, कोंबडी वीस मिनिटांवर लावली आणि शेजारी स्टॉपवॉच चालू केलं.

कोंबडी वाजली सतरा मिनिटं चाळीस सेकंदांनी.

त्यांनी पुन्हा लावली. सतरा चाळीस. तिसऱ्यांदा, सतरा चाळीस. त्यांनी नोंदवहीत तिन्ही आकडे लिहिले, खाली रेघ मारली आणि शेरा लिहिला: 'शेकडा अकरापेक्षा जास्त त्रुटी. अमान्य.'

"असू दे ना," बायको म्हणाली. "दोन मिनिटांनी काय बिघडतंय?"

"दोन मिनिटं वीस सेकंद," काटेसाहेब म्हणाले. एकतीस वर्षं ज्याने ग्रॅमभर खोट्यासाठी लोकांची वजनं जप्त केली, त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात कोंबडीने दर तासाला सात मिनिटं गिळावीत? झोप येईना.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुकानात. भांडेवाल्याने त्यांना दारातच बघितलं आणि त्याचा रंग उतरला.

"ही कोंबडी वेळेआधी वाजते," काटेसाहेब म्हणाले.

"साहेब, कोंबडी आहे ती, घड्याळ नव्हे," भांडेवाला कळवळून म्हणाला. मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याने जीभ चावली. "कोंबडी ठेवून घ्या साहेब. बेडूकही घेऊन जा. पैशांचं बोलायचंच नाही."

काटेसाहेबांनी पैशांचं बोलायचा प्रयत्न केला. भांडेवाला पैसे घेईना, पावती देईना, कोंबडीही परत घेईना. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. शेवटी शोभा नको म्हणून ते बेडूक खिशात घालून बाहेर पडले, मनात म्हणाले, उद्या चाचणी झाल्यावर एकदमच चुकतं करू.

बेडूक वीस मिनिटांचं काम चोवीस मिनिटांत करायचा. हा तर सरकारी नोकरीत शोभला असता. मग टोमॅटो आणला. टोमॅटो मात्र अचूक निघाला. वीस म्हणजे वीस, सेकंदाचा फरक नाही, आणि काटेसाहेबांचा ऊर भरून आला. पण तो वाजायचा असा, की एखाद्या नव्या सुनेने सासऱ्यांच्या खोलीबाहेर उभं राहून बांगडी वाजवावी. 'टिंग'. एकदाच. पुढच्या खोलीत तर सोडाच, गॅसजवळ उभ्या असलेल्या माणसालाही भास झाला असं वाटायचं. त्या संध्याकाळी टोमॅटो वेळेवर वाजला आणि दूध वेळेवर उतू जाऊन करपलं.

चौथ्या दिवशी हत्ती. हत्तीचा आवाज दुकानात तपासून घेतला होता, खणखणीत होता. घरी वीसवर लावला, तर काटा सात मिनिटं उरलेली असताना थांबला. टिकटिक चालू, पण काटा हलायला तयार नाही. आत कुठलातरी दात झिजला असावा. तास झाला, सव्वा तास झाला, सात मिनिटं ती सातच. शेवटी टिकटिकही दमून थांबली.

"आता पुरे," बायको म्हणाली. "उद्या मी जाते आणि पहिला हाताला लागेल तो घेते."

"उद्या मी चारही परत करतो," काटेसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात आता लढाई हरलेल्या सेनापतीचा कणखरपणा होता.

पण उद्या तसं काही झालं नाही. उद्या सकाळी मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं.

मोठे साहेब वयाने लहान होते. नुकतेच बदलून आले होते, आणि प्रत्येक कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात सुबक बरोबरची खूण करायची त्यांना सवय होती. त्यांच्यापुढे एक निनावी अर्ज पडला होता. कोपऱ्यात खूण झालेली होती.

"वाचतो," साहेब म्हणाले. "'आपल्या कार्यालयाचे निरीक्षक रोज सायंकाळी भांड्यांच्या दुकानी येऊन एक प्राणी घेऊन जातात. काल हत्ती नेला. व्यापारी भयभीत आहेत.' हे काय आहे?"

काटेसाहेबांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांना स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. जळलेली पातेली, शिकवणी, डब्यातले मोबाइल, कोंबडीची त्रुटी. एका जागी तर ते म्हणाले, "टोमॅटो हा प्राणी नाही, साहेब. म्हणजे अर्जातही चूक आहे," आणि त्यांच्याच कानाला ते फार वाईट ऐकू आलं.

साहेबांनी शांतपणे पेन उघडलं. "तुम्ही त्या दुकानात निरीक्षक म्हणून गेलात की गिऱ्हाईक म्हणून?"

"गिऱ्हाईक म्हणून."

"मग कार्यालयाचं स्टॉपवॉच का वापरलंत?"

काटेसाहेबांचा हात पिशवीतल्या स्टॉपवॉचकडे गेला आणि परत आला.

"बरं, निरीक्षक म्हणून गेलात असं धरू. त्या दुकानातल्या तराजूच्या पडताळणीची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलीय. मी आज सकाळी माणूस पाठवला होता. तुम्ही चार वेळा गेलात. तुम्हाला दिसलं नाही?"

आता काय सांगणार? की बायकोला दिलेल्या शब्दाखातर मी अठ्ठावीस वर्षं तराजूकडे मान वळवत नाही? भांडेवाला का घाबरत होता आणि फुकट बेडूक का देत होता, याचा उलगडा त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या झाला, आणि त्यांचे कान तापले. आयुष्यात कोणाच्या चहाच्या कपालाही हात लावला नव्हता, आणि शेवटी लाच घेतली ती कसली, तर रबरी पायांचा बेडूक!

संध्याकाळी हातात 'कारणे दाखवा' नोटीस होती. सात दिवसांत खुलासा. चौकशी चालू असेपर्यंत निवृत्तिवेतनाच्या कागदांना लागणारा 'चौकशी प्रलंबित नाही' हा दाखला मिळणार नव्हता.

बायकोने नोटीस वाचली. ती हसली नाही, हे काटेसाहेबांना जास्त लागलं. ती हसली असती तर रागावता आलं असतं. तिने मुलींना लवकर सोडलं आणि टेबलावर त्यांच्यासमोर बसली.

"खुलासा मी सांगते तसा लिहा. विशेषणं नकोत. आकडे द्या. तुमच्याकडे आकडे आहेत ना?"

नोंदवहीत आकडे होतेच. बायकोने त्यांचा तक्ता करून दिला: वस्तू, लावलेली मिनिटं, लागलेली मिनिटं, किती वेळा. तक्ता सुरेख झाला. बघता बघता ती मध्येच थांबली, कोंबडीच्या ओळीवरून पेन्सिल फिरवत "तिन्ही वेळा अगदी तेवढंच?" असं पुटपुटली. पण काटेसाहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते 'सविनय' लिहावं की 'नम्रपणे' या विवंचनेत होते.

खुलाशावर सुनावणी झाली. साहेबांच्या टेबलावर चारही वस्तू मांडल्या. दोन पंच बसवले, एक लेखाविभागातला आणि एक टपालवाला, शिवाय नोंदी घ्यायला एक लेखनिक. साहेबांना तक्त्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण प्रत्यक्ष चाचणी झाल्याशिवाय खूण कशी करायची? चारही टायमर दहा मिनिटांवर पिळले गेले, आणि पाच माणसं हातावर हात ठेवून बसली. काटेसाहेबांच्या आयुष्यातली ती सगळ्यांत लांब दहा मिनिटं होती, आणि ती नक्की किती होती यावरच तर वाद होता.

आठ मिनिटं पन्नास सेकंदांनी कोंबडी अशी कोकलली की साहेबांचा चहा खुलाशाच्या पहिल्या पानावर सांडला. 'त्रुटी सिद्ध,' लेखनिकाने लिहिलं. दहाव्या मिनिटाला टोमॅटो वाजला, पण तो वाजला की नाही यावर दोन पंचांचं एकमत होईना. टपालवाल्याने ऐकला होता, लेखाविभागाने नव्हता. बाराव्या मिनिटाला बेडूक. मग सगळे हत्तीकडे बघत बसले.

हत्ती सात मिनिटांवर अडला होता आणि खुशाल टिकटिकत होता.

"हा कधी वाजणार?" साहेबांनी विचारलं.

"हा वाजत नाही, साहेब."

"पण चालू तर आहे. चालू असलेली चाचणी बंद करता येत नाही. नोंद अपूर्ण राहील."

सगळे बसून राहिले. मधली सुट्टी झाली, तरी बसून राहिले. टपालवाल्याने चोरून डबा खाल्ला. तासाभराने टिकटिक थांबली तेव्हा साहेबांनी कागदावर लिहिलं की, चौथ्या वस्तूबाबत निष्कर्ष काढता येत नाही, सबब असल्या वस्तू मुळात कायद्याच्या कक्षेत येतात का, याबद्दल मुख्य कार्यालयाचं मार्गदर्शन मागवावं. चारही टायमर मुद्देमाल म्हणून खोक्यात गेले, दोरी बांधली, लाखेचा शिक्का बसला. खोकं काटेसाहेबांच्याच कपाटात ठेवलं, कारण कुलूप लागणारं कपाट तेवढं एकच होतं.

मुख्य कार्यालयाकडून मार्गदर्शन यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. मधल्या काळात आणखी दोन पातेली गेली. बायकोने नवीन टायमर आणायचा विषय काढला की काटेसाहेब म्हणायचे, "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. आत्ता घरात दुसरा टायमर सापडला तर काय म्हणतील?" स्टेशनमास्तर रोज जिन्यात भेटायचे आणि "काही कळलं का?" असं विचारायचे. आजारी माणसाच्या घरी विचारावं तसं. नर्सबाईंनी तर एकदा त्यांचा रक्तदाब मोजला. बाजारातले दुकानदार आता त्यांना बघून घाबरत नव्हते. एकाने तर फेरीच्या वेळी विचारलं, "साहेब, हत्ती सुखरूप आहे ना?" आणि मागचे दोघंतिघं खाली मान घालून हसले. काटेसाहेबांनी त्याचा तराजू तपासला, बरोबर निघाला, शिक्का मारला आणि निघून आले. आपण एवढे दमलोय हे त्यांना त्या दिवशी कळलं.

निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना पत्र आलं. तीन ओळी. सदर वस्तू व्यापारी मापनाची साधने या व्याख्येत बसत नाहीत. चौकशी निकाली काढावी. वस्तू ज्याच्या त्याला परत कराव्यात.

साहेबांनी कोपऱ्यात खूण केली आणि पहिल्यांदाच थोडंसं हसले. "दाखला उद्या मिळेल. ते खोकं तेवढं घेऊन जा. रोज संध्याकाळी शिपाई सांगतो, कपाटातून आवाज येतो म्हणून."

भांडेवाला खोकं घ्यायला तयार होईना. पण या वेळी काटेसाहेबांनी तीनही उरलेल्या टायमरचे पैसे काचेवर ठेवले आणि पावती हातात पडेपर्यंत ते हलले नाहीत. भांडेवाल्याने पावती लिहिली. मग जरा घुटमळून म्हणाला, "साहेब, अर्ज मी नव्हता केला." "माहितीय," काटेसाहेब म्हणाले. माहीत काही नव्हतं, पण पुन्हा एखादी चौकशी सुरू करायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

निवृत्तीचा कार्यक्रम झाला. स्टॉपवॉच जमा केलं. आणि दुसऱ्या दिवसापासून काटेसाहेब संध्याकाळी घरी. त्यांना वाटलं, आता टायमरचा प्रश्नच मिटला, मी आहे की! पहिल्याच दिवशी ते दुधासमोर मनगटावरच्या घड्याळात डोळे घालून उभे राहिले, सेकंद मोजत. अकराव्या मिनिटाला दूध त्यांच्या देखत उतू गेलं. त्यांचं लक्ष घड्याळात होतं.

बायकोने कट्टा पुसला. मग माळ्यावर टाकलेलं खोकं तिने स्वतःच स्टुलावर चढून खाली काढलं, लाखेचा शिक्का सुरीने उडवला आणि खुलाशाच्या तक्त्याची प्रत फ्रिजच्या दारावर चिकटवली.

"हे बघा," ती म्हणाली. "कोंबडी दर वेळी तेवढीच पुढे आहे. मला अर्धा तास हवा असेल तर मी तिला चौतीसवर लावीन. बेडूक दर वेळी तेवढाच मागे. त्याला पंचवीसवर लावला की झाला अर्धा तास."

"पण ते चूक आहे."

"चूक दर वेळी तेवढीच असेल तर ती चूक कसली? तो स्वभाव झाला. स्वभाव एकदा कळला की पुढचं गणित सोपं असतं." तिने टोमॅटो उचलून एका पालथ्या स्टीलच्या डब्यावर ठेवला आणि पिळला. थोड्या वेळाने त्याची 'टिंग' डब्यातून अशी घुमली की समोरच्या नर्सबाईंनी दार उघडलं. "तुम्ही तीस वर्षं साडेसहाला येतो म्हणून सांगून जायचात. मी सातला चहा ठेवायचे. एकदा तरी गार चहा प्यायलात का?"

 आपली नोंद कोणीतरी इतकी वर्षं ठेवत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे पचवायला काटेसाहेबांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून बेडूक लावला. पंचवीसवर.

राहिला हत्ती. तो कशाच्याच उपयोगाचा नव्हता. काटेसाहेब त्याला टाकून द्यायला निघाले होते, पण एके संध्याकाळी तो त्यांना पुढच्या खोलीत टेबलाच्या मध्यावर दिसला. बाईंनी मुलींची चाचणी ठेवली होती.

सात मुलींमध्ये एक चष्मेवाली होती, टेबलाच्या कोपऱ्यावर बसणारी. एरवी तिला सगळं यायचं, इतरांना तीच समजावून सांगायची. पण चाचणी म्हटली, समोर घड्याळ ठेवलं, की ती घड्याळाकडेच बघत राहायची आणि कागद कोराच्या कोरा परत यायचा. शाळेच्या परीक्षेतही तेच झालं होतं. आईवडिलांनी शिकवणी बंद करायचं ठरवलं होतं, कारण उपयोग काय?

त्या दिवशी बाईंनी तिच्यासमोर हत्ती ठेवला आणि वीसवर पिळला. बाकी सहाजणींना त्यांनी आधीच काहीतरी सांगून ठेवलं असावं, त्या मान खाली घालून लिहीत होत्या. काटेसाहेब खिडकीपाशी पेपर घेऊन बसले होते. हत्ती टिकटिकत सातपर्यंत आला आणि थांबला.

चष्मेवालीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. सात मिनिटं होती. तिने एक उदाहरण सोडवलं. पुन्हा बघितलं. सात मिनिटं होती. तिने दुसरं सोडवलं, तिसऱ्याला हात घातला. मग बराच वेळ तिने वर बघितलंच नाही. पेन्सिल नुसती पळत होती. चौथं झालं, पाचवं झालं. सहाव्याच्या मध्यावर तिने मान वर केली आणि हत्तीकडे बघून तिच्या कपाळावर आठी पडली.

"बाई, किती वेळ राहिला?"

"सात मिनिटं."

"अजून?" मुलीची पेन्सिल थांबली. तिने बाईंकडे बघितलं, हत्तीकडे बघितलं, आणि मग तिला एकदम आठवलं की या घरात अशा गोष्टींचा खात्रीचा माणूस खिडकीपाशी बसलेला आहे. "काका, हा बरोबर चालतो ना?"

काटेसाहेबांनी पेपर खाली केला. सहाही मुली लिहायच्या थांबल्या. बायकोने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती खडूने माखलेली बोटं पदराला पुसत राहिली. काटेसाहेबांची डावी भुवई थोडी हलली, मग जागेवर आली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी स्वतः तपासलाय."

मुलीने मान खाली घातली आणि सहावं उदाहरण पुढे लिहायला लागली. एवढ्यात आत कोंबडी कोकलली, आणि भात उतरवायला काटेसाहेब उठून आत गेले.